दोन खुणांमधले अंतर

‘मणका’ या शब्दाच्या मुळाशी ‘मणी’ आहे, आणि माळेतल्या मण्यांसारखी एकमेकांवर हलणारी ही हाडे दीर्घकाळच्या दाहाने सांधली जाऊ लागली, की जो आजार उभा राहतो त्याला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात. ग्रीक ‘अँकिलोस’ म्हणजे आखडलेला, वाकडा आणि ‘स्पॉन्डिलोस’ म्हणजे मणका. 19व्या शतकाच्या अखेरीस रशियात बेख्तेरेव्ह, जर्मनीत स्ट्र्युम्पेल आणि फ्रान्समध्ये पिएर मारी यांनी या आजाराची सविस्तर वर्णने केली. परंतु ती मुख्यतः आधीच आखडलेल्या पाठींची होती.

कंबर किती लवते हे आकड्यात सांगण्याची साधी रीत 1937 मध्ये जर्मन डॉक्टर पॉल शोबर यांनी मांडली. रुग्ण ताठ उभा असताना कंबरेचा शेवटचा मणका माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला जिथे मिळतो तिथे एक खूण आणि तिच्यावर 10 सेंटीमीटरवर दुसरी खूण करायची, मग गुडघे न वाकवता त्याला पुढे वाकवून तेच अंतर पुन्हा मोजायचे, अशी ही रीत होती. खालची खूण चुकली की मोजमाप फसते, म्हणून 1969 मध्ये मॅक्रे आणि राइट यांनी खुणा त्या सांध्याच्या 10 सेंटीमीटर वर आणि 5 सेंटीमीटर खाली घेतल्या. वाकल्यावर हे 15 सेंटीमीटरचे अंतर निदान 5 सेंटीमीटरने वाढावे, अशी अपेक्षा असते.

या रीतीला लागते ते पेन आणि शिंप्याजवळ असते तसली टेप, म्हणूनच नांदेड-लातूर रस्त्यावरील लोह्यासारख्या तालुक्याच्या गावी तिचे मोल मोठे आहे. कापूस वेचून, सोयाबीन काढून ‘कंबर धरली’ असे म्हणणाऱ्या माणसाचे दुखणे बहुधा कष्टाचेच असते आणि विसाव्याने उतरते. दाहाचे दुखणे मात्र उलट वागते. ते बहुधा पंचेचाळिशीच्या आत सुरू होते, तीन महिन्यांहून अधिक टिकते, पहाटे झोपमोड करते, उठल्यावर पाठ ताठ ठेवते आणि हालचालीने सैल होते. डोळा वारंवार लाल होऊन दुखत असेल, तर संशय बळावतो.

टेपलाही मर्यादा आहेत, कारण गेलेली लवचीकता ती दाखवते, पण तिचे कारण सांगत नाही, आणि आरंभी मोजमाप निर्दोषही भरू शकते. तेव्हा एमआरआयमध्ये कंबरेच्या तळाशी असलेल्या सॅक्रोइलियाक सांध्यांतला दाह दिसू शकतो. 1973 मध्ये या आजाराशी जोडला गेलेला एचएलए-बी27 हा आनुवंशिक घटक निदानाला आधार देतो, पण तो अनेक निरोगी माणसांतही आढळतो.

उपचारांत रोजचा व्यायाम, तंबाखू-विडीचा त्याग आणि वैद्यकीय देखरेखीखाली दाहशामक गोळ्या हा पाया असतो. तेवढ्याने भागले नाही तर दाह पेटवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला रोखणारी जैविक औषधे देतात, मात्र त्याआधी दबून राहिलेला क्षयरोग तपासणे अत्यावश्यक असते. यांपैकी अडालिमुमॅबचे जगातले पहिले जैवसमान औषध, म्हणजे मूळ औषधाशी अत्यंत मिळतेजुळते पण स्वस्त रूप, 2014 मध्ये भारतातच बाजारात आले. उपचार सुरू झाल्यावर त्याच दोन खुणांमधले अंतर दर काही महिन्यांनी मोजून कागदावर लिहिले, तर पाठ टिकून आहे की आखडत चालली आहे हे कळते. मात्र हा आकडा घटायच्या आत आजार ओळखायचा, तर टेप हाती घेण्याआधी तरुण रुग्णाला एवढे विचारलेच पाहिजे, की दुखणे कामाने वाढते की विसाव्याने.