झाकलेला क्रूस

क्रुसावरच्या ख्रिस्ताचं आज हाती असलेलं बहुधा सगळ्यात जुनं चित्र एका टवाळखोराने काढलेलं आहे. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर, साधारण इसवी सन 200च्या सुमारास, कुणीतरी भिंतीच्या गिलाव्यावर ते ओरबाडलं. क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, खाली हात उंचावलेला एक भक्त, आणि शेजारी ग्रीकमध्ये टोमणा: अलेक्सामेनोस बघा, आपल्या देवाला भजतोय.

टोमणा वर्मी लागणाराच होता. क्रूस ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा. रोमन नागरिकाला ती सहसा देत नसत. असा मेलेला माणूस देव आहे हे सांगायची छाती ख्रिस्ती लोकांना होती, पण ते चितारायची नव्हती. भुयारी दफनभूमीत त्यांनी मेंढपाळ, मासा, जहाजाचा नांगर, माशाच्या पोटातून सुटलेला योना असं काय काय रंगवलं. खिळलेला देह मात्र जवळजवळ नाहीच.

चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती धर्माच्या बाजूने उभा राहिला आणि क्रुसाची लाज ओसरू लागली. 380च्या दशकात एगेरिया नावाची यात्रेकरू बाई जेरुसलेमला होती. गुड फ्रायडेला तिथे क्रुसाचं म्हणून मानलेलं लाकूड दर्शनाला ठेवत. लोक त्याला कपाळ टेकवत, डोळे लावत, मुका घेत. हात लावायला मात्र मनाई होती. भोवती पहारा असे, कारण पूर्वी कुणीतरी मुका घेता घेता दातांनी तुकडा तोडून नेला होता! भक्तीचा हा हिशेब आपल्याकडच्या कुठल्याही जत्रेतल्या पुजाऱ्याला लगेच कळेल.

तरीही प्रतिमांत वेदना यायची अजून बाकी होती. रोममधल्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर, सुमारे 430 सालचा, एक कोरीव ख्रिस्त आहे. हात पसरलेले, डोळे उघडे, क्रूस तर जेमतेम दिसतो. हा मरणावर मात केलेला राजा. त्याचे डोळे मिटायला पुढे काही शतकं लागली. कोलोनच्या कॅथेड्रलमधली, आर्चबिशप गेरोच्या नावाने ओळखली जाणारी ओकची मूर्ती दहाव्या शतकातली. पुरुषभर उंचीच्या त्या देहाचं डोकं लोंबतंय, पोट सुटलंय, माणूस स्पष्ट मेलेला आहे. पुढे ग्रूनेवाल्डने 1512 ते 1516 दरम्यान इझेनहाइमच्या मठासाठी रंगवलेल्या वेदीचित्रात तर ख्रिस्ताच्या सगळ्या अंगावर जखमा आहेत. त्या मठात बुरशी लागलेल्या धान्यातून होणाऱ्या, कातडी जाळणाऱ्या रोगाचे रुग्ण असत. त्यांच्यापुढे आपल्यासारखाच सडत चाललेला देव होता.

पुढे प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेत झ्विंगलीच्या झुरिकने 1524मध्ये चर्चमधल्या प्रतिमाच काढून टाकल्या. ल्यूथरला त्यांचं वावडं नव्हतं. वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये देहासकट क्रूस आणि अहिल्यानगरकडच्या (पूर्वीचं अहमदनगर) प्रॉटेस्टंट चर्चमध्ये सहसा रिकामा, या फरकाचं मूळ त्या काळात आहे.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात मात्र कॅथलिक चर्चमध्ये हाच क्रूस झाकतात. जुन्या रिवाजाप्रमाणे शेवटच्या दोन आठवड्यांत त्यावर जांभळं कापड पडतं आणि गुड फ्रायडेला ते तीन टप्प्यांत उतरवतात. ख्रिस्ताच्या दुःखाचं मनन करायचे ते दिवस, आणि नेमकी तीच मूर्ती दडवायची! एक खुलासा असा देतात, की मध्ययुगातले क्रूस सोन्याने, रत्नांनी मढवलेले असत आणि शोकाच्या दिवसांत तो झगमगाट नको होता. दुसरा खुलासा, हे दोन आठवडे सुरू होतात त्या रविवारी पूर्वी वाचल्या जाणाऱ्या शुभवर्तमानाचा: दगड मारायला निघालेल्या लोकांपासून येशू लपून निघून गेला. मला पहिला अधिक पटतो. झगमगाट सरून वेदनेची मूर्ती आली, तरी कापड राहिलं. चालीरीती अशाच टिकतात.

जर्मन भाषक प्रदेशात झाकण्यासाठी एक भलामोठा पडदाही असे. उपवासकाळभर तो वेदीपुढे टांगत. त्याला उपासमारीचं कापड म्हणत. जर्मनीतल्या झिटाऊ शहराचा 1472चा पडदा 8.20 मीटर उंच, 6.80 मीटर रुंद आहे आणि त्यावर बायबलमधले 90 प्रसंग आहेत. 1945मध्ये सोव्हिएत सैनिकांनी तो फाडून बाष्पस्नानाच्या खोपटाला लावला. सांधून आता तो तिथल्याच एका चर्चमध्ये मांडला आहे. 1976मध्ये जर्मनीतल्या मिझेरिओर या कॅथलिक मदतसंस्थेने ही प्रथा पुन्हा सुरू केली, जगातल्या भुकेकडे लक्ष वेधण्यासाठी. तो पहिला पडदा रंगवला भारतीय चित्रकार ज्योती साही यांनी.