मुंबईच्या फोर्टमध्ये घडलेला बीटल्सचा ध्वनी

१/
१५ मार्च १९६८ रोजी ब्रिटनमध्ये बीटल्सची एक तबकडी बाजारात आली. पुढच्या बाजूस 'लेडी मॅडोना', मागच्या बाजूस 'दि इनर लाइट'. मागची बाजू लावली की जगातल्या सर्वांत प्रसिद्ध रॉक बँडच्या तबकडीवर ना गिटार ऐकू येते, ना ड्रम. ऐकू येतात ते सरोद, सनई, बासरी, पखवाज आणि हार्मोनियम. हे वादन लंडनमधले नव्हे; ते मुंबईत, फोर्ट भागात ध्वनिमुद्रित झाले होते. आजचा थ्रेड त्या वादकांविषयी, त्यांच्या वाद्यांविषयी आणि त्या ध्वनिमुद्रण यंत्राविषयी.

२/
पार्श्वभूमी थोडक्यात. ऑक्टोबर १९६५ मध्ये 'नॉर्वेजियन वुड' या गाण्यासाठी जॉर्ज हॅरिसनने प्रथमच सतार वाजवली. ती त्याने लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील 'इंडियाक्राफ्ट' नावाच्या दुकानातून घेतली होती. ध्वनिमुद्रणाच्या काळात तिची तार तुटली आणि नवी तार शोधता शोधता बँडचा संबंध 'एशियन म्युझिक सर्कल' या संस्थेशी आला. कर्नाटकात जन्मलेले अयन अंगडी आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया ही संस्था चालवीत. लंडनमधील भारतीय वादक आणि बीटल्स यांच्यातला दुवा इथे जुळला.

३/
पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६६ मध्ये, 'लव्ह यू टू' या गाण्यासाठी अंगडींनी एका तबलावादकाला बोलावले. त्यांचे नाव अनिल भागवत. हॅरिसनला रविशंकरांच्या वादनाच्या धर्तीचा १६ मात्रांचा ठेका हवा होता. त्या चौकटीत भागवतांनी आपल्या उपजेने वादन केले. 'रिव्हॉल्व्हर' या तबकडीच्या वेष्टनावर त्यांचे नाव छापले गेले. बीटल्सच्या वेष्टनांवर बाहेरच्या वादकाचे नाव येणे ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढे नेमके उलटे घडले.

४/
मार्च १९६७. 'विदिन यू विदाउट यू' हे गाणे. हॅरिसन सोडल्यास बीटल्सपैकी कोणीही त्यात नाही. दिलरुबा, तंबोरा आणि तबला वाजवणारे वादक पुन्हा 'एशियन म्युझिक सर्कल'मधलेच. दिलरुब्याची मींड पाश्चात्त्य व्हायोलिनवादकांकडून उतरवून घेताना निर्माता जॉर्ज मार्टिनला बरेच कष्ट पडले. 'सार्जंट पेपर' जगभर गाजली, तिच्या वेष्टनावर असंख्य प्रसिद्ध चेहरे झळकले; या वादकांचे नाव मात्र कोठेही नव्हते.

५/
ती नावे समोर यायला सुमारे ५० वर्षे लागली. २०१७ मध्ये, तबकडीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, लिव्हरपूल विद्यापीठातील अभ्यासकांच्या प्रयत्नांतून चार वादकांची ओळख पटली: अण्णा जोशी आणि अमृत गज्जर (दिलरुबा), बुद्धदेव कंसारा (तंबोरा), नटवर सोनी (तबला). लक्षावधी लोकांनी ज्यांचे वादन ऐकले, त्यांची नावे अर्धे शतक अंधारात राहिली.

६/
आता मुंबईकडे वळू. हॅरिसन सप्टेंबर १९६६ मध्ये रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत येऊन गेला होता. रविशंकरांचे शिष्य शंभू दास यांचेही मार्गदर्शन त्याला तेव्हा लाभले. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला तो जो मॅसॉट दिग्दर्शित 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठी. पाश्चात्त्य वाद्यांचे काम लंडनमध्ये. भारतीय वाद्यांसाठी त्याने मुंबईतील एचएमव्हीचा स्टुडिओ निवडला. तेव्हा त्याचे वय २४ वर्षांचे होते, म्हणजे हा थ्रेड वाचणाऱ्या अनेकांच्या वयाचाच.

७/
स्टुडिओ होता फोर्टमधील सर फिरोजशहा मेहता रस्त्यावर, कार्यालयांनी गजबजलेल्या इमारतीत. बाहेरचा आवाज पुरता अडवण्याची सोय नव्हती. हॅरिसनच्या आठवणीनुसार रस्त्यावरच्या टॅक्सींचे आवाज काही ध्वनिमुद्रणांत उतरले आहेत. सायंकाळी साडेपाचला कार्यालये सुटली की जिन्यावरून उतरणाऱ्यांच्या पावलांमुळे काम थांबवावे लागे. मुंबईच्या चाकरमान्यांच्या वेळापत्रकानुसार एका बीटलचे ध्वनिमुद्रण चालले होते.

८/
यंत्राविषयी दोन आठवणी आढळतात आणि दोन्ही हॅरिसनकडूनच आलेल्या. एका ठिकाणी तो एका जुन्या, अवजड मोनो यंत्राचा उल्लेख करतो. दुसरीकडे तो सांगतो की ग्रामोफोन कंपनीच्या भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी दोन ट्रॅकचे स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवले. कंपनीचा कारखाना कलकत्त्याजवळ दमदमला होता, हे ध्यानात घेतले की दुसरी आठवण निराधार वाटत नाही; काही मुद्रण एका यंत्रावर, काही दुसऱ्यावर झालेले असणे शक्य आहे. एकाच साक्षीदाराच्या दोन साक्षी शेजारी ठेवून वाचाव्या लागतात, त्याचे हे चांगले उदाहरण.

९/
यंत्र कोणतेही असो, परिणाम एकच होता. लंडनमध्ये बीटल्स चार ट्रॅकवर काम करीत: आधी ताल, मग गिटार, मग गायन, असे थर एकमेकांवर चढवता येत. मुंबईत ती चैन नव्हती. सर्व वादकांनी एकत्र बसून एकदमच वाजवायचे. कोणाचा आवाज किती यावा हे मायक्रोफोनपासूनच्या अंतरावर आणि त्याच क्षणी केलेल्या समतोलावर ठरणार. एकाची चूक झाली तर सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून. हिंदी चित्रपटसंगीत याच शिस्तीत घडत होते आणि मुंबईचे वादक तिच्यात मुरलेले होते. 'इनर लाइट'चा सलगपणा या सवयीतून आलेला आहे.

१०/
वादक कोण होते? 'वंडरवॉल म्युझिक'च्या वेष्टनावर मुंबईच्या वादकांची यादी आहे. सरोदवर आशिष खान, म्हणजे अली अकबर खाँ यांचे पुत्र. तबला आणि पखवाजावर महापुरुष मिश्र. संतूरवर शिवकुमार शर्मा. बासरीवर एस. आर. केंकरे. सनईवर शरद आणि हनुमान. हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाड. तारशहनाईवर विनायक व्होरा. शिवाय सतार आणि सूरबहारचे वादक. चित्रपटाचे काम आटोपल्यावर उरलेल्या वेळात हॅरिसनने काही जास्तीच्या रचना मुद्रित करून घेतल्या. 'दि इनर लाइट' हे त्यांपैकीच एक.

११/
तारशहनाई अनेकांनी पाहिलेली नसेल. नावात शहनाई असली तरी हे फुंकून वाजवायचे वाद्य नव्हे. एसराजासारख्या गजाने वाजणाऱ्या वाद्याला ग्रामोफोनसारखी ध्वनिपेटी आणि कर्णा जोडलेला असतो. तारेचे कंपन पडद्यावर जाते, कर्ण्यातून बाहेर पडते आणि स्वर सनईसारखा अनुनासिक होतो. विजेविना ध्वनिवर्धन करण्याची ही युक्ती. रॉकमध्ये गिटारला विजेचा ॲम्प्लिफायर जोडून जे साधले, त्याचाच हा आपल्याकडचा यांत्रिक भाऊबंद. 'क्राइंग' या तुकड्यात व्होरांची तारशहनाई ऐकावी.

१२/
फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईची फीत लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत चार ट्रॅकवर उतरवून घेण्यात आली. मोकळ्या राहिलेल्या ट्रॅकवर ६ तारखेला हॅरिसनने गायन केले. ८ तारखेला शेवटच्या ओळीसाठी लेनन आणि मॅकार्टनी यांनी स्वरसाथ दिली. शब्दांचे मूळ चिनी 'ताओ ते चिंग'च्या ४७व्या प्रकरणात आहे. ते प्रकरण सुचवले होते केंब्रिजमधील संस्कृतचे अध्यापक हुआन मास्कारो यांनी. चिनी विचार, मुंबईचे वादन, लिव्हरपूलचा गळा. बीटल्सच्या एकेरी तबकडीवर आलेले हॅरिसनचे हे पहिले गाणे.

१३/
आता श्रेयाचा प्रश्न. 'वंडरवॉल म्युझिक'च्या वेष्टनावर निदान नावे आली, परंतु कानाला पडली तशी लिहिलेली. शिवकुमारांचे आडनाव 'शर्मार' झाले. सनईवादक शरद आणि हनुमान यांचे आडनाव तिथे 'जादेव' असे आहे. मराठी वाचकाला त्यात 'जाधव' दिसणे स्वाभाविक आहे. आणि 'दि इनर लाइट'च्या तबकडीवर? तिथे केवळ बँडचे आणि गीतकाराचे नाव. या गाण्याचे वादक म्हणून आज आशिष खान, हनुमान, महापुरुष मिश्र, देसाड आणि बासरीसाठी हरिप्रसाद चौरसिया यांची नावे साधारणतः दिली जातात. ती पुढच्या अभ्यासकांनी जुळवलेली आहेत. बासरीसाठी काही ठिकाणी केंकरे यांचेही नाव घेतले जाते. ज्या दिवशी वादन झाले त्या दिवशी कोणी एक ओळ लिहून ठेवली असती तर हा गोंधळ उरला नसता.

१४/
यात केवळ बीटल्सचा दोष काढणे सोपे आहे, पण अपुरे. आपल्याकडील चित्रपटांच्या तबकड्यांवरही गायक, संगीतकार आणि गीतकार एवढेच छापले जात. सनई कोणाची, बासरी कोणाची, हे क्वचितच. वाद्य घडवणारा तर आणखी मागे राहतो. गडहिंग्लजहून मिरज काही फार दूर नाही. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तंतुवाद्ये घडवली. पंढरपूर भागातला भोपळा, त्यावर कोरीव काम आणि शेवटी घोडीवर तासून तासून काढलेली जवारी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०२४ मध्ये. तोवर किती मैफली त्या तंबोऱ्यांच्या आधाराने रंगल्या आणि त्यांपैकी कितींत कारागिराचे नाव घेतले गेले?

१५/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक काम हाती घेता येईल. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या आपल्या भागात यात्रांत आणि लग्नांत सनई, हलगी, ढोल वाजवणारे, बँड पथकांत क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजवणारे ज्येष्ठ वादक आजही भेटतील. त्यांची नावे, त्यांच्या गुरूंची नावे, वाद्य कोठून आणले, दुरुस्ती कोण करीत असे, एवढे चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे तारखेसह वहीत उतरवून ठेवावीत. नाव लिहिताना ते त्यांनाच विचारून, त्यांच्याच उच्चाराप्रमाणे लिहावे.

१६/
आणि आज रात्री 'दि इनर लाइट' ऐकताना गायनाच्या मधल्या जागांकडे कान द्यावा. शब्द संपले की सनई आणि सरोद पुढे सरसावतात, पखवाज चाल वाढवतो. शब्द परतले की बासरी आणि हार्मोनियम मागे उभे राहतात. २०१४ मध्ये 'वंडरवॉल म्युझिक'च्या नव्या आवृत्तीत या गाण्याचे केवळ वादन असलेले एक वेगळे मुद्रणही प्रसिद्ध झाले. त्यात हॅरिसनचा गळा नाही. फोर्टमधल्या त्या खोलीतले वादक तेवढे आहेत.