व्यवसायजन्य स्नायू व सांध्यांचे विकार

व्यवसायजन्य स्नायू व सांध्यांचे विकार म्हणजे कामाच्या स्वरूपामुळे उद्भवणाऱ्या किंवा बळावणाऱ्या पाठ, कंबर, मान, खांदे, मनगटे आणि गुडघे यांच्या व्याधी. जड ओझे उचलणे, दीर्घकाळ वाकून राहणे, एकच हालचाल सतत करणे आणि यंत्रांचे हादरे ही त्यांची प्रमुख कारणे होत. अपघाताप्रमाणे हे विकार एका क्षणी घडत नाहीत, ते वर्षानुवर्षे साचत जातात. त्यामुळे दुखणे कामाचे की वयाचे, हा वाद कामगार आणि मालक यांच्यात सहज उद्भवतो.

मराठवाड्यातील स्वरूप

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील वाटूर आणि त्याचा परिसर कापसाचा. कमरेला ओटी बांधून तासन्‌तास वाकून केलेली वेचणी, हे येथील कंबरदुखीचे एक ओळखीचे कारण आहे. जालना शहरातील पोलाद कारखाने आणि बाजार समित्यांतील हमाली यांतही शरीरावर असाच ताण पडतो.

परंतु सर्वांत कठीण काम ऊसतोडीचे. मराठवाड्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे स्थलांतर करतात. पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. बुडख्याशी वाकून ऊस तोडणे, मोळी बांधणे आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनावर चढणे, हा क्रम हंगामभर चालतो. मजुरी टनावर असल्याने विश्रांती म्हणजे उत्पन्नात घट. खाडा पडल्यास दंडही कापला जातो. अशा स्थितीत ‘आठवडाभर आराम करा’ हा वैद्यकीय सल्ला बहुधा कागदावरच राहतो.

ऑस्टिओपॅथी व इतर उपचार

ऑस्टिओपॅथी ही स्नायू, सांधे व पाठीचा कणा यांवर हातांनी उपचार करण्याची पद्धती अमेरिकेतील अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1874 मध्ये मांडली. ब्रिटनमध्ये 1993 च्या कायद्याने ऑस्टिओपॅथांची नोंदणी बंधनकारक झाली. तेथील काही मालक त्यांच्याकडून कामगारांची तपासणी, बैठक व उचलण्याच्या पद्धतीत सुधारणा आणि दुखण्यानंतर टप्प्याटप्प्याने कामावर परतण्याचे नियोजन करून घेतात. प्रत्यक्ष उपचाराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, उपयोग या सल्ल्याचा असतो. कंबरदुखीसाठी हस्तोपचार व्यायामासह दिलेल्या उपचारांचा एक भाग म्हणूनच करावेत, अशी ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची 2016 ची शिफारस आहे. पायांत वाढता अशक्तपणा किंवा लघवी-शौचावरील ताबा जाणे, ही लक्षणे असल्यास मात्र रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

भारतात आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतील पद्धतींत ऑस्टिओपॅथीचा समावेश नाही. येथे हे काम प्रामुख्याने फिजिओथेरपिस्ट करतात. 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात त्यांचा व्यवसाय समाविष्ट आहे. खेड्यापाड्यांतून लोक हाडवैद्याकडेही जातात.

मालकाची जबाबदारी

उपचाराने वेदना कमी होते, ओझे कमी होत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहून न्यावयाच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो सांगितली आहे. भारतात 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या कलम 34 ने इजा होईल इतके ओझे उचलण्यास लावणे निषिद्ध ठरवले. पुढे 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हा अधिनियम विलीन करण्यात आला. पूर्वीच्या 100 किलोंच्या पोत्यांऐवजी 50 किलोंची पोती रूढ झाल्याने हमालांच्या पाठीला मिळालेला दिलासा कोणत्याही औषधाने मिळाला नसता. अधिनियमातील सूचनीय रोगांच्या यादीत सिलिकोसिस व शिसेबाधा होती, कंबरदुखी नव्हती.

हमालांसाठी महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कायदा केला. त्याखालील मंडळांत कामगार आणि मालक दोघांचीही नोंद होते, मजुरीखेरीज मालकाकडून लेव्ही घेतली जाते आणि तीतून कामगारांचे लाभ दिले जातात. ऊसतोडीत मात्र कारखाना वाहतूक कंत्राटदाराशी, कंत्राटदार मुकादमाशी आणि मुकादम उचल देऊन कोयत्याशी करार करतो. त्यामुळे मालक नेमका कोण, हाच प्रश्न पडतो. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने तर साखर व सरकी काढण्याचे हंगामी कारखाने आपल्या कक्षेबाहेरच ठेवले होते.