कलुषा कब्जी ते कविकलश : एका ‘मांत्रिका’च्या चरित्राची घडण

प्रस्तावना

इतिहासात मांत्रिक म्हणून गाजलेल्या व्यक्तींची चरित्रे बहुधा इतिहासग्रंथांतून नव्हे, तर कथा-कादंबऱ्यांतून लोकांपर्यंत पोहोचली आहेत. जर्मनीतील फाउस्ट हा सोळाव्या शतकातील एक भटका ज्योतिषी व जादूगार होता. त्याच्या मृत्यूनंतर काही दशकांनी, १५८७ मध्ये, फ्रांकफुर्ट येथे छापल्या गेलेल्या कथापुस्तकाने त्याला सैतानाशी करार करणारा पुरुष ठरविले आणि पुढे लोकांनी तोच फाउस्ट खरा मानला. विसाव्या शतकातील चेक हर्मेटिक साधक फ्रान्झ बार्डन (१९०९-१९५८) याचे आयुष्य ‘फ्राबाटो’ या गूढ कादंबरीच्या रूपाने त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. पहिल्या उदाहरणात चरित्र विरोधकांच्या दृष्टीतून घडले, तर दुसऱ्यात ते अनुयायांच्या श्रद्धेतून घडले. मराठ्यांच्या इतिहासात अशा प्रकारचे चरित्र ज्याच्या वाट्यास आले, ती व्यक्ती म्हणजे छत्रपती संभाजी महाराजांचे स्नेही व मंत्री कविकलश होय.

कविकलशाच्या अखेरच्या दिवसांचा संबंध भीमा नदीच्या खोऱ्याशी आहे. दौंडच्या पूर्वेस, भीमेच्या पैलतीरावर श्रीगोंदे तालुक्यातील पेडगाव येथे बहादूरगड उभा आहे. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे संभाजी महाराजांच्या समाधीजवळच कविकलशाचीही समाधी आहे. ज्याला मराठी परंपरेने दीडशे वर्षे ‘राजाला नादी लावणारा चेटक्या’ म्हटले, त्याची समाधी त्याच राजाच्या समाधीशेजारी जतन व्हावी, ही विसंगती अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

नावाचा प्रवास

‘कविकलश’ हे नाव मुळात गौरवाचे आहे. कवींमधील कलश, म्हणजेच कवींचा शिरोमणी, असा त्याचा सरळ अर्थ होतो. तो उत्तर हिंदुस्थानातून आलेला कनोजी ब्राह्मण होता. त्यास ‘छंदोगामात्य’ हे पद लाभले होते आणि पुढे ‘कुलएख्त्यार’ हा किताब मिळाल्याने कारभाराची मोठी सत्ता त्याच्या हाती आली. फारसी लेखनात त्याचे नाव ‘कब कलस’ असे उतरले. मराठी व्यवहारात ‘कविजी’चे ‘कबजी’ व मग ‘कब्जी’ झाले, तर ‘कलश’चे ‘कलुषा’ झाले. ‘कलुष’ म्हणजे मळ, पाप. ‘कब्जी’ या शब्दाचे ‘कब्जा’ या शब्दाशी असलेले ध्वनिसाम्यही कानास जाणवते. अशा रीतीने केवळ उच्चाराच्या बदलाने एका कवीचे नाव राजाचे मन ताब्यात घेणाऱ्या पापी माणसाचे नाव बनले. पुढील कथेची अर्धी रचना या नावातच झाली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

बखरीतील मांत्रिक

कविकलशाच्या मांत्रिक चरित्राला ठळक रूप मिळाले ते मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीत. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे मूळ घटनांनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिली गेली. तीत कब्जी हा मंत्रतंत्र जाणणारा, अनुष्ठानांच्या बळावर राजाचे चित्त वश करणारा आणि स्वराज्याच्या नाशास कारण होणारा पुरुष म्हणून येतो. राजा शूर आहे, परंतु मोहिनी पडल्यामुळे त्यास हित कळेनासे झाले आहे, ही या कथेची मध्यवर्ती कल्पना होय. एखाद्या गूढ कादंबरीस लागणारे सर्व साहित्य येथे सिद्ध आहे : परप्रांतातून आलेला अनोळखी साधक, गुप्त विद्या, भारलेला राजा आणि अटळ सर्वनाश.

बखरकाराची भूमिका समजून घेण्यासाठी त्याचे घराणे पाहणे आवश्यक आहे. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांना १६८१ मध्ये संभाजी महाराजांविरुद्धच्या कटाच्या आरोपावरून अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद आदींसह देहदंड देण्यात आला. मल्हार रामराव हे याच बाळाजी आवजींचे वंशज होत. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संभाजीचरित्रात या बखरीच्या विश्वसनीयतेवर प्रश्नचिन्ह उभे केले. त्यानंतर कमल गोखले यांच्या ‘शिवपुत्र संभाजी’ या ग्रंथानेही मूळ साधनांच्या आधारे संभाजी महाराजांच्या कारकीर्दीची फेरतपासणी केली. तथापि, त्यापूर्वीच बखरीतील चित्र ग्रँट डफच्या १८२६ मधील इंग्रजी इतिहासातून सुशिक्षित वर्गात रुजले होते. राम गणेश गडकरी यांच्या ‘राजसंन्यास’ या अपूर्ण नाटकाने ‘कलुषा कब्जी’ रंगभूमीवरही आणला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. घराण्याचा रोष हे बखरीतील विपर्यासाचे एक कारण आहे, परंतु ते एकमेव कारण नव्हे. आपला राजा शत्रूच्या हाती का सापडला, या प्रश्नाचे उत्तर समाजाला हवे होते. सैन्याची वाटणी, सरदारांतील फूट, वतनांचे तंटे आणि मोगलांचा अफाट खजिना ही उत्तरे क्लिष्ट होती, शिवाय काही उत्तरे आपल्याच घरातील माणसांकडे बोट दाखविणारी होती. चेटुक हे उत्तर सोपे होते. त्यामुळे राजाही निर्दोष राहत होता आणि सरदारही.

समकालीन साधनांतील कविकलश

समकालीन नोंदींकडे वळताच निराळाच पुरुष समोर येतो. जेधे शकावलीनुसार जानेवारी १६८५ मध्ये मोगल सरदार शहाबुद्दीन खान रायगडाच्या परिसरात उतरला असता कविकलशाने त्याच्याशी लढाई करून त्यास मागे हटविले. १६८४ मध्ये पोर्तुगीजांशी झालेल्या तहाच्या वाटाघाटींत शाहजादा अकबराबरोबर कविकलशाचा सहभाग होता. १६८८ च्या अखेरीस शिर्क्यांनी त्याच्यावर हल्ला केला, तेव्हा त्यास खेळणा किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला आणि त्याच्या मदतीसाठी स्वतः संभाजी महाराजांना रायगडाहून यावे लागले. या नोंदींत सेनानी, मुत्सद्दी आणि दरबारातील वादग्रस्त मंत्री दिसतो. मंत्राने शत्रूस पळविणारा मांत्रिक मात्र त्यांत आढळत नाही.

याचा अर्थ त्याच्यावरील रोष निराधार होता, असा नव्हे. अष्टप्रधानांची जुनी घराणी बाजूस सारून एका परप्रांतीय कवीच्या हाती सर्वाधिकार यावा, हे अनेकांना सलणारे होते. शिर्के प्रकरणात त्याच्या कारभाराचा किती दोष होता, यावर मतभेद संभवतात. परंतु हे सारे राजकारणाचे प्रश्न आहेत आणि त्यांचा निवाडा राजकारणाच्या कसोटीवरच व्हावयास हवा.

शाक्त उपासनेचा प्रश्न

कविकलश तंत्रमार्गी होता काय, हा प्रश्न टाळून चालणार नाही. कवींद्र परमानंदाच्या परंपरेतील ‘अनुपुराण’ या संस्कृत काव्यात, शृंगारपूरच्या वास्तव्यात संभाजीराजांनी कविकलशाच्या सांगण्यावरून ‘कलशाभिषेक’ हा विधी केल्याचा उल्लेख येतो. यावरून त्याचा शाक्त उपासनेशी संबंध असावा, असे मानण्यास जागा आहे.

मात्र हा संबंध म्हणजे दोषारोप नव्हे. ६ जून १६७४ रोजी गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली शिवाजी महाराजांचा वैदिक राज्याभिषेक झाला. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, २४ सप्टेंबर १६७४ रोजी, निश्चलपुरी गोसावी यांनी तांत्रिक पद्धतीने महाराजांचा दुसरा अभिषेक केला. ‘शिवराज्याभिषेककल्पतरु’ या हस्तलिखितात त्याची हकीकत आहे. पहिल्या अभिषेकानंतर घडलेल्या अशुभ घटना, त्यांत जिजाबाईंचे निधनही, या विधीस निमित्त झाल्या. निश्चलपुरींना कोणी चेटक्या म्हटले नाही. एकाच घराण्यात, चार वर्षांच्या अंतराने झालेले दोन तांत्रिक विधी, परंतु एक धर्मकृत्य ठरला आणि दुसरा कारस्थान. विधी तोच असताना त्याचा अर्थ पुढील यशापयशाने ठरविला, हे या तुलनेवरून स्पष्ट होते.

भीमाकाठचा शेवट

१ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वर येथे मुकर्रबखानाने संभाजी महाराज व कविकलश यांना पकडले. पंधरा दिवसांनी त्यांना बहादूरगडावर औरंगजेबासमोर उभे करण्यात आले. ‘मआसिर-ए-आलमगिरी’ या दरबारी ग्रंथात विदूषकी टोप्या घालून, उंटावर बसवून काढलेल्या धिंडीची हकीकत आहे. पुढे बादशाही छावणी भीमेच्या काठाने कोरेगावाकडे सरकली आणि ११ मार्च १६८९ रोजी दोघांनाही हालहाल करून ठार मारण्यात आले.

कब्जी हा औरंगजेबाचा हेर होता, या आरोपाची कसोटी येथेच लागते. फितुरीची वदंता मनुचीसारख्या युरोपीय प्रवाशाच्या लेखनातही उतरली आहे. केवळ वध झाला म्हणून ती खोटी ठरत नाही, कारण काम झालेल्या हेराचा काटा काढला गेल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. परंतु बादशहाच्या विजयाचे तपशीलवार वर्णन करणारा दरबारी इतिहासकार त्याला आपला माणूस म्हणून पुढे आणीत नाही. उलट राजाच्या बरोबरीचा अपराधी म्हणून तो त्याची गणना करतो. सुटकेचा मार्ग ज्याच्यासाठी राजापेक्षा अधिक मोकळा असावयास हवा होता, त्याने राजाबरोबरच मरण पत्करले, ही वस्तुस्थिती बखरीतील मोहिनीकथेपेक्षा अधिक वजनदार आहे.

नव्या चरित्राची मर्यादा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. शिवाजी सावंत यांच्या ‘छावा’ (१९७९) या कादंबरीने कविकलशाला निष्ठावंत सखा म्हणून घराघरांत नेले आणि २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या त्याच नावाच्या हिंदी चित्रपटाने ही प्रतिमा देशभर पोहोचविली. एका अन्यायाचे हे परिमार्जन स्वागतार्हच आहे. तथापि, या नव्या चरित्रात त्याची निष्ठा जितकी उजळली, तितका त्याच्यातील शाक्त उपासक मागे पडला आणि वादग्रस्त मंत्रीही झाकला गेला. जुन्या कथेने त्याची उपासना एवढीच गोष्ट ठेवली, तर नवी कथा तीच वगळू पाहते. तंत्रोपासना ही लपविण्याजोगी गोष्ट आहे, हे गृहीतक दोन्हींत समान आहे.

समारोप

कविकलशाच्या चरित्रावरून असे दिसून येते की ‘मांत्रिक’ हा शब्द इतिहासात पुष्कळदा पुराव्याची जागा घेतो. तो एकदा वापरला की कारणांचा शोध थांबतो. त्याला इतिहासात परत आणावयाचे तर त्यास खलपुरुषाच्या जागेवरून उचलून संताच्या जागेवर बसविणे पुरेसे नाही. कवी, उपासक, सेनानी आणि चुका करू शकणारा मंत्री या सर्व रूपांत त्यास एकत्र पाहावे लागेल.

शिरूर व दौंड परिसरातील महाविद्यालयांना या दृष्टीने मोठी संधी आहे. पेडगावचा किल्ला आणि वढूची समाधी ही दोन्ही स्थळे एका दिवसाच्या क्षेत्रभेटीत पाहता येतात. शकावलीतील नोंद, दरबारी फारसी वृत्तान्त आणि बखरीतील कथा ही तीन साधने या स्थळी शेजारी ठेवून वाचली, तर घटना आणि कथा यांतील अंतर विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष अनुभवास येईल. वढू येथे राजाशेजारी त्याच्या सहकाऱ्याची समाधी राखणाऱ्या ग्रामस्थांच्या स्मृतीने बखरीतील मांत्रिक स्वीकारला नाही. ग्रंथांनी हा निर्णय समजून घेण्यास मात्र फार काळ लावला.