आफ्रिकी वंशाचे स्पॅनिश लोक

स्पेनमधील, मुख्यत्वे सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. उत्तर आफ्रिकेतील अरब-बर्बर, म्हणजेच मूर, यांची गणना सामान्यतः त्यांत करीत नाहीत. हा समाज अलीकडील स्थलांतरातून निर्माण झाला, असा समज रूढ असला, तरी त्याचा इतिहास मध्ययुगापर्यंत जातो.

इ. स. ७११ नंतरच्या मुस्लिम अंमलात सहारापारच्या व्यापारमार्गांनी कृष्णवर्णीय गुलाम व सैनिक स्पेनमध्ये आले. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून पोर्तुगीजांनी पश्चिम आफ्रिकेतून समुद्रमार्गे गुलाम आणण्यास प्रारंभ केला आणि सेव्हिल ही गुलामांची मोठी बाजारपेठ बनली. १५६५ च्या गणनेनुसार तेथील सु. ८५,००० लोकसंख्येत ६,००० हून अधिक गुलाम होते. त्यांत आफ्रिकी लोकांप्रमाणेच मोरिस्कोही होते. घरकाम, बंदरातील हमाली, साबणाचे कारखाने यांत त्यांना राबविले जाई. काहींना मालकाच्या मृत्युपत्राने वा मोबदला देऊन मुक्तता मिळे.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस आर्चबिशप गॉन्थालो दे मेना याने सेव्हिल येथे कृष्णवर्णीयांसाठी रुग्णालय स्थापिले. त्यातून उदयास आलेला त्यांचा धार्मिक बंधुसंघ आजही ‘लोस नेग्रितोस’ या नावाने प्रसिद्ध आहे. मात्र त्याचे सभासद आता बहुतांशी गौरवर्णीय आहेत. गुलामगिरीतून वर आलेल्या ह्वान लातीनो याने ग्रानाडा येथे लॅटिनचे अध्यापन केले व लेपांतोच्या विजयावरील त्याचे लॅटिन महाकाव्य १५७३ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हेलास्केथ या चित्रकाराचा गुलाम ह्वान दे पारेहा १६५० मध्ये मुक्ततापत्र मिळवून स्वतः चित्रकार म्हणून नावारूपास आला.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून स्पेनमधील गुलामांची आयात घटली. मिश्रविवाहांमुळे हा समाज हळूहळू बहुसंख्याकांत मिसळला आणि त्याची स्मृतीही पुसट झाली. स्पेनमध्ये १८३७ साली गुलामगिरी बंद झाली. परंतु प्वेर्तो रीको व क्यूबा या वसाहतींत ती अनुक्रमे १८७३ व १८८६ पर्यंत टिकली.

विद्यमान समाजाची जडणघडण प्रामुख्याने १९६८ नंतरची आहे. त्या वर्षी स्वतंत्र झालेल्या इक्वेटोरिअल गिनी या स्पॅनिश वसाहतीतील अनेक विद्यार्थी व निर्वासित हुकूमशाहीमुळे स्पेनमध्ये स्थायिक झाले. पुढे सेनेगल, गँबिया, नायजेरिया, तसेच क्यूबा व डोमिनिकन प्रजासत्ताक येथूनही लोक आले. गिनीत जन्मलेल्या रीता बोसाहो २०१५ मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहात निवडून आल्या; तेथील त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला सदस्य होत. स्पेनच्या जनगणनेत वंशाची नोंद होत नसल्याने या समाजाची अधिकृत संख्या उपलब्ध नाही. नागरिक म्हणून जन्मलेल्यांनाही पुष्कळदा परदेशी समजण्यात येते.