आउटबोर्ड मोटर (जुनी, लहान) : चालनयंत्रणेतील बिघाड

होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायच्या मोटरीत इंजिनाची शक्ती पंख्यापर्यंत पोहोचताना वाटेत होणारे दोष व त्यांचे निदान. येथे विचार केला आहे तो साधारण १० अश्वशक्तीपर्यंतच्या, दोरी ओढून सुरू करायच्या जुन्या मोटरींचा. दोषाची खूण ठरलेली असते : इंजिन नीट सुरू होते, शक्ती वाढवली की आवाजही चढतो, होडी मात्र जागची हलत नाही किंवा रखडत जाते. इंजिन मुळात सुरूच होत नसेल, तर तो ठिणगी आणि इंधन यांचा विषय झाला. त्याचा या नोंदीशी संबंध नाही.

नॉर्वेत जन्मलेले आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वाढलेले ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये विक्रीला आणलेल्या मोटरीची मांडणी पुढे बहुतेक सर्वांनी उचलली. वर इंजिन, त्यातून खाली उतरणारा उभा शाफ्ट, पाण्याखालच्या गिअरकेसमध्ये त्याच्या टोकाला पिनियन, पिनियनला काटकोनात जुळणारे बेव्हल गिअर आणि त्यांनी फिरणारा आडवा शाफ्ट. पंखा बसतो तो या आडव्या शाफ्टवर. लहान मोटरींत पंखा इंजिनाच्या साधारण निम्म्या वेगाने फिरतो. या सगळ्या साखळीत एक कडी मुद्दाम कच्ची ठेवलेली असते. पंखा खडकावर किंवा ओंडक्यावर आपटला तर त्या कडीने तुटावे आणि गिअरचे दात वाचावेत, असा हिशेब आहे. म्हणून शोध पंख्यापासून सुरू करून आत जायचे असते. अनुभवी मेकॅनिकही कधी कधी उलटे करतात, आधी गिअरकेस उघडतात, आणि तासाभराने तुटकी पिन हातात येते.

पंख्याला हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लगची वायर काढून ठेवावी. गिअरमध्ये असलेल्या मोटरीचा पंखा हाताने फिरवला आणि इंजिनाने पेट घेतला, तर बोटे जातात.

जुन्या लहान मोटरींत ही कच्ची कडी म्हणजे बहुधा शाफ्टमधून आरपार गेलेली एक छोटी पिन, जिला शिअर पिन म्हणतात. ती पितळ, ब्राँझ किंवा मऊ पोलादाची असते. पंख्यासमोरची टोपी काढली, तिची दुपाखी पिन सरळ करून ओढली की पंखा हातात येतो आणि पिनचे दोन-तीन तुकडे दिसतात. तुकडे शाफ्टच्या भोकात अडकले असतील तर पातळ सुंब्याने ठोकून काढावेत. अडचण सुरू होते ती यापुढे. किनाऱ्यावर पिन मिळत नाही, म्हणून त्याच जाडीचा खिळा किंवा ड्रिलचे मोडके पाते कापून ठोकले जाते. होडी घरी येते, काम भागल्यासारखे वाटते आणि तो खिळा तिथेच राहतो. पुढच्या धडकेला खिळा तुटत नाही, पिनियनचे दात तुटतात. चार आण्यांची पिन वाचवायला सबंध गिअरकेस पणाला लावण्याचा हा प्रकार आहे. योग्य मापाच्या दोन-चार पिना, दुपाख्या पिना आणि पक्कड ही सामग्री मोटरीच्या झाकणातच ठेवावी. जुन्या अनेक मोटरींत कारखान्यानेच तशी जागा करून दिलेली असते.

पिन शाबूत असूनही, किंवा मोटरीत ती मुळातच नसताना, घसरण होत असेल तर पंख्याच्या मध्यभागी पाहावे. पुढच्या काळातील मोटरींत पिनऐवजी पंखा आणि त्याची आतली नळी यांच्यामध्ये रबराचा जाड थर दाबून बसवलेला असतो. रबर जुने झाले की पकड सोडते. कमी वेगात होडी नीट चालते, शक्ती वाढवली की इंजिन किंचाळते आणि होडी मंदावते. हे ओळखण्याची सोपी रीत आहे. आतल्या नळीवरून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची, मोटर पूर्ण शक्तीने चालवायची आणि परत येऊन पाहायचे. रेघ तुटून दोन भागांत सरकलेली दिसली की रबर गेले. नवा पंखा घ्यावा किंवा रबर बदलून घ्यावे. चिकटद्रव्याने ते टिकत नाही.

ब्रिटिश सीगल ही मोटर या बाबतीत वेगळ्या वळणाची. १९३० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये निघालेली ही मोटर पुढे पूल या बंदरगावी तयार होत राहिली आणि १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्यात पिनऐवजी पंख्यामागे एक मजबूत गुंडाळीची स्प्रिंग असते. एक टोक शाफ्टकडे, दुसरे पंख्याकडे. धक्का बसला की तो स्प्रिंग झेलते. स्प्रिंग तुटली की पंखा मोकळा. तिचा दुसरा ठरलेला दोष म्हणजे उभ्या शाफ्टचे चौकोनी टोक. ते इंजिनाच्या चौकोनी खाचेत बसते; झीज होऊन कोपरे गोल झाले की इंजिन फिरते आणि शाफ्ट स्वस्थ उभा राहतो. इतर बनावटींत हे टोक चौकोनी नसून दातेरी असते. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षे न उघडलेल्या मोटरीत ते दाते गंजून सपाट होतात.

दोष पंख्याशी आहे की आत, हे ठरवण्यासाठी स्पार्क प्लग काढून गिअर फॉरवर्डला टाकावा आणि पंखा हाताने सावकाश फिरवावा. वरचे फ्लायव्हील त्याच्याबरोबर, साधारण दुप्पट फेरे घेत फिरले पाहिजे. पंखा फिरतो पण त्याचा शाफ्ट फिरत नसेल तर दोष पिन, स्प्रिंग किंवा रबराचा. शाफ्ट फिरतो आणि फ्लायव्हील हलत नाही, तर तो क्लच, गिअर किंवा उभ्या शाफ्टचा. फिरवताना ठरावीक जागी टक्कन आवाज होऊन झटका बसत असेल तर एखादा दात गेलेला आहे असे धरावे.

फॉरवर्ड, न्यूट्रल व रिव्हर्स असलेल्या मोटरींत पिनियन दोन्ही बेव्हल गिअरांना सतत जुळलेले असते आणि ते दोन्ही आडव्या शाफ्टवर मोकळे फिरत असतात. त्यांच्यामधल्या सरकत्या तुकड्याला डॉग क्लच म्हणतात. तो ज्या गिअरच्या दातांत अडकेल तो गिअर शाफ्टला फिरवतो. या क्लचचे दात धारदार कोपऱ्याचे हवेत. पुष्कळ जण गिअर हळुवारपणे, दांडा चाचपडत टाकतात. त्यांना वाटते, मोटरीला जपतो आहोत. त्यामुळे दात एकमेकांवर कडकड घासून कोपरे गोल होतात. मग भार आला की गिअर आपोआप सुटतो, पुन्हा अडकतो, पुन्हा सुटतो आणि होडी उचक्या देत जाते. इंजिनाचा वेग अगदी कमी करून दांडा एका झटक्यात टाकणे हाच खरा जपणुकीचा मार्ग. कोपरे गेल्यावर क्लच आणि त्याच्या जोडीचा गिअर असे दोन्ही बदलावे लागतात. काही मोटरींत क्लचच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. तेथे तो उलटा बसवून कमी झिजलेली रिव्हर्सची बाजू फॉरवर्डला आणता येते. घासणीने कोपरे पुन्हा धारदार करण्याचा उद्योग मात्र फार दिवस चालत नाही.

गिअर सुटतो म्हणून लगेच क्लचला दोष देऊ नये. दांड्यापासून खाली जाणाऱ्या सळईची जोडणी सैल असेल तर क्लच अर्धवटच अडकतो. जॉन्सन व एव्हिनरूड या बनावटींच्या १९५०–६० च्या दशकांतील अनेक मोटरींत ही जोडणी पायाच्या बाजूच्या लहान झाकणाआड असते. तेथला एक बोल्ट पुरेसा आवळला की कित्येकदा प्रश्न मिटतो.

गिअरकेसच्या आत काय चालले आहे हे न उघडता कळण्याचा मार्ग म्हणजे तिचे ऑईल. मोटर रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी खालचा स्क्रू अगदी थोडा सैल करावा. पाणी जड असल्याने तळाशी बसते. आधी स्वच्छ पाण्याची धार आली तर सील गेले आहे. ऑईल दुधाळ, कॉफीच्या रंगाचे असेल तर पाणी बरेच दिवस घुसळले गेले आहे. बोटांच्या चिमटीत ऑईल चोळून पाहावे : राखाडी, मऊ, चकचकीत कण ही नेहमीची झीज, टोचणारे तुकडे म्हणजे दात. पाणी येण्याचे एक मोठे कारण म्हणजे पंख्यामागे गुंडाळलेले तंगूस. कोकणच्या खाड्यांत जाळ्यांचे तुकडे तरंगतच असतात. तो नायलॉनचा धागा शाफ्टभोवती आवळत जातो, तापतो आणि ऑईल सीलची कड कापतो. पंखा अधूनमधून काढून पाहिल्याशिवाय तो दिसत नाही. सीगलला येथेही अपवाद करावा लागतो. तिच्या गिअरकेसमध्ये थोडे पाणी शिरणे बनावटीतच गृहीत धरलेले आहे आणि म्हणून १४० ग्रेडचे घट्ट ऑईल सांगितलेले असते. त्याचा दुधाळ रंग पाहून घाबरण्याचे कारण नाही.

ऑईल काढताना एक सापळा सांभाळावा. काही जॉन्सन-एव्हिनरूड गिअरकेसवर सपाट खाचेच्या स्क्रूंजवळच अधिक-चिन्हाच्या खाचेचा एक स्क्रू असतो. तो ऑईलचा नाही. आतली क्लच सरकवणारी कडी त्याच्यावर टेकलेली असते. तो काढला की कडी निसटते आणि चांगली चालणारी गिअरकेस विनाकारण उघडावी लागते. नवे ऑईल नेहमी खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरावे आणि आधी वरचा, मग खालचा स्क्रू लावावा. वरून ओतले की आत हवा अडकते.

या साऱ्यातून दोष निघाला नाही तर मोटर उंच बसली आहे का पाहावे. तशी ती बसली तर पंखा हवा ओढतो आणि क्लच घसरल्यासारखेच वाटते. पंख्यावरची आडवी पाटी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. आखूड पायाची, म्हणजे सुमारे ३८ सेंमी. मोटर ५१ सेंमी. पायाच्या मोटरीसाठी असलेल्या उंच फळीवर लावणे ही यातली नेहमीची चूक.

खालचा भाग परत बसवताना उभ्या शाफ्टच्या दात्यांना बाजूंनी ग्रीस लावावे, टोकावर मात्र लावू नये. दाबलेल्या ग्रीसमुळे शाफ्ट पुरता वर बसत नाही. पिना, सील, पंखे आणि सीगलच्या स्प्रिंगा आजही मिळतात. गिअरचे संच दुर्मीळ आहेत. जॉन्सन व एव्हिनरूड बनवणारी कंपनी २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. त्यामुळे गिअरकेसचे कवच तडकले असेल किंवा दोनापेक्षा अधिक गिअर गेले असतील, तर सुटे भाग गोळा करत बसू नये. इंजिन बिघडलेली त्याच बनावटीची दुसरी मोटर विकत घेऊन तिचा खालचा भाग सबंध बसवावा, ते स्वस्त पडते.