विजेची बोट

आमच्या घरी दिवाळी संपली तरी एक पान वाढायचं राहिलेलं असायचं. भाऊबीज झाली, आत्या आपापल्या घरी गेल्या, की पंचमीला आजी केळीच्या पानावर भात, वरण आणि उरलेल्यातली एक करंजी वाढायची. हे पान कावळ्यासाठी नसे. ते धरणाच्या पाण्यात सोडायला आम्हा पोरांना पाठवायची. "दर्यातल्या बाबांचं" एवढंच सांगायची. चुलतभावंडांना आठवत असेल. (करंजी पाण्यापर्यंत का पोचायची नाही तेही आठवत असेल. नावं घेत नाही.)

दर्यातले बाबा म्हणजे आमचे खापरपणजोबा. मुळशी खोऱ्यातला भात-नाचणी पिकवणारा माणूस, आणि म्हणे बोटीवर होता! आजीने ही हकीकत तिच्या आजेसासूकडून, म्हणजे बाबांच्या बायकोकडूनच ऐकलेली. बाबा ताम्हिणीच्या वाटेने खाली कोकणात उतरले, तिथून मुंबईला गेले. गोदीत कोळशाच्या पाट्या वाहता वाहता आगवाले झाले. आगवाला म्हणजे आगबोटीच्या भट्टीत कोळसा टाकणारा खलाशी. दोन वर्षं मनिऑर्डरी आल्या. मग ते 'विजेच्या बोटी'बरोबर गेले. मागे बायको आणि वर्षाचा मुलगा.

लहानपणी मला वाटायचं, बोटीवर वीज पडली असणार. मोठेपणी ज्याला विचारावं तो म्हणे, रामदास बोट असेल. रेवसला जाणारी रामदास बुडाली १७ जुलै १९४७ ला, सहाशेंहून जास्त माणसं गेली. पण तेव्हा बाबा ८०-८५ वर्षांचे असते. या वयात भट्टीत कोळसा कोण टाकतो? भावकीत तिसरीही गोष्ट होती. "बुडाला कसला, मुंबईत दुसरं घर केलं असेल." ही गोष्ट हसत सांगितली जायची. आजी तेव्हा उठून आत जायची.

काही वर्षांपूर्वी ऑफिसात डबा खाताना हे सगळं एका कच्छी सहकाऱ्याला सांगत होतो. 'विजेची बोट' म्हणताच त्याने घास खाली ठेवला. म्हणाला, "अरे, ती तर हाजी कासमची वीजळी!" आणि तिथेच एक लोकगीत गुणगुणायला लागला. सौराष्ट्रात ते पिढ्यान्‌पिढ्या गातात.

बोटीचं खरं नाव 'वैतरणा'. आपल्याच वैतरणा नदीवरून ठेवलेलं. (वैतरणीशी इतकं जवळचं नाव प्रवासी बोटीला द्यावं, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.) १८८५ साली स्कॉटलंडमध्ये ग्रेंजमाउथला बांधली. तिच्यावर विजेचे दिवे होते. त्या काळी हे केवढं अप्रूप! म्हणून लोक तिला वीजळी म्हणू लागले. कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला यायला साधारण ३० तास, भाडं ८ रुपये. ८ नोव्हेंबर १८८८, गुरुवारी दुपारी ती मांडवीहून निघाली. द्वारकेला आणखी माणसं चढली. हवा बिघडली म्हणून पोरबंदरला थांबलीच नाही. संध्याकाळी मांगरोळच्या बाजूला दिसली म्हणतात, आणि मग रात्रीच्या वादळात जी नाहीशी झाली ती कायमचीच. शोधायला बोटी पाठवल्या, काही हाती लागलं नाही. प्रवासी आणि खलाशी मिळून सातशे चाळीसच्या वर माणसं होती. त्यात लग्नाची तेरा वऱ्हाडं होती आणि मॅट्रिकच्या परीक्षेला मुंबईला निघालेली मुलं होती, असं सांगतात. पुढे चौकशी झाली, तेव्हा जीवरक्षक होड्या आणि जाकिटं पुरेशी नव्हती असं निघालं. एकूण माणसांपैकी खलाशी ४३.

त्या ४३ जणांत आमचे बाबा होते का?

मी तारखेची तिथी काढून पाहिली. ८ नोव्हेंबर १८८८ म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमी. आपली पांडवपंचमी, गुजरातची लाभपंचमी. आजीचं पान! एवढ्यावर कोर्ट मानणार नाही हे मला कळतं. पण पळून गेलेल्या नवऱ्याची तिथी कोण पाळतं? ती बाई आधी बारा वर्षं थांबली, कुंकू लावून. बारा वर्षांनी, बेपत्ता माणसाचं करतात तसं, पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी दिला. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा. आजी सांगायची, आजेसासू त्या दिवशीसुद्धा रडली नाही, भात कांडत बसली. ती कितीदा बोलली आणि किती जणांनी हसण्यावारी नेलं, याचा विचार आला की मला भावकीतल्या हसण्याची लाज वाटते. त्या हसणाऱ्यांत मीही होतो.

मनिऑर्डरच्या पावत्या तिने ट्रंकेत जपल्या होत्या. त्यावरून काही कळलं असतं. पण मुळशीचं धरण आलं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापटांनी तो पेटवला. बाबांचा मुलगा, म्हणजे आमचे पणजोबा, चौतिशीत त्यात होते. धरण झालंच. घर पाण्याखाली गेलं, आणि सामान हलवताना ती ट्रंक कुठे गेली कोणास ठाऊक. मुळशीचं पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याला सोडतात, त्यावर वीज तयार होते. ती मुंबईला गेली. आमच्या वाडीत दिवा लागला तेव्हा मी शाळेत होतो. बटण दाबताना आजी हात मागे घ्यायची. आम्ही म्हणायचो, शॉक बसेल म्हणून घाबरते.

आता आजी नाही, आणि पंचमीचं पानही बंद पडलं होतं. गेल्या दिवाळीत मी परत वाढलं. बायकोने विचारलं, करंजी पण?

हो, करंजी पण.

धाकट्या आत्याने हे वाचलं असेल तर एक विचारायचं आहे. तुझ्याकडे ते जुनं पितळी भगुणं आहे ना, ज्याच्या काठावर काहीतरी कोरलंय? चिंच लावून घासून फोटो पाठव. बाबांनी मुंबईहून आणलेलं ते, असं आजी एकदा म्हणाली होती.